पलंगावरचे एकवीस कोट

चहा आधी घ्या. गार झाला तर पुन्हा गरम करून मिळणार नाही; हा माझ्या घरातला जुना नियम आहे आणि मी अमेरिकेत आले म्हणून तो बदललेला नाही.

घेतलात? आता ऐका. छत्तीस वर्षे शिकवून, त्यांतली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून काढून निवृत्त झालेल्या एका बाईने भर दिवाळीच्या फराळाला एकवीस माणसांचे कोट पळवले, त्याची ही हकीकत आहे. ती बाई मीच. इथल्या पिस्कॅटवे गावातल्या निम्म्या मराठी घरांत ही गोष्ट माझ्याआधीच पोहोचली आहे. परंतु कुणाकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐका. निदान वाक्ये तरी पूर्ण मिळतील!

सुरुवात एका कोटापासून करावी लागेल.

माझा मुलगा निखिल इथे राहतो. आम्ही दोघे त्याच्याकडे प्रथम आलो, तेव्हा ऑक्टोबर होता. आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट आणि सांगलीचे ऊन. पहिल्या सकाळी दार उघडून बाहेर पाहिले आणि तिथूनच ओरडले, "सुलभा, अगं ये ना! इथल्या झाडांना हळद लागली आहे!"

मी म्हटले, "आत या. तुम्हाला सर्दी लागेल."

असा आमचा संवाद. काव्य त्यांच्याकडे, व्यवस्था माझ्याकडे.

त्याच आठवड्यात निखिलने ह्यांना पुरुषांच्या कपड्यांच्या एका जुन्या वळणाच्या दुकानात नेले. तिथल्या वृद्ध विक्रेत्याने गळ्यातली टेप काढून ह्यांचे असे काही निरखून माप घेतले, की आमच्या लग्नात माझ्या वडिलांनीही जावयाकडे इतके बारकाईने पाहिले नसेल. मग त्याने आतून एक तपकिरी ट्वीडचा कोट आणला. जाड, खरखरीत लोकर. माशाच्या काट्यासारखी वीण. आणि दोन्ही कोपरांवर चामड्याचे तुकडे शिवलेले.

"नव्या कोटाला आधीच ठिगळे?" मी विचारले. "दुसरा दाखवायला सांग."

"आई, ती स्टाइल आहे. क्लासिक आहे हे."

"फाटण्याआधी शिवून ठेवण्याला स्टाइल म्हणतात होय?"

हे आरशासमोर उभे होते. आमच्या संसारात कापड, रंग आणि माप हे तीनही विषय पहिल्या दिवसापासून माझ्याकडे होते. त्या दिवशी हे प्रथमच म्हणाले, "हाच."

विक्रेत्याने सांगितले, सर्वांत खालचे बटण कधी लावायचे नसते. मी निखिलला म्हटले, "त्यांना सांग, ज्या बटणाला काज आहे ते बटण लावायचे असते." त्यानंतरच्या तीनही खेपांना ह्यांनी सगळी बटणे लावली. काय बिशाद!

सांगलीत ट्वीड घालायची सोय नाही. म्हणून कोट इथेच, निखिलच्या कपाटात राहायचा. हे यायचे, कोट अंगावर चढवायचे आणि सबंध पानगळ त्यात काढायचे. परत निघताना तो हँगरला लावायचे, त्याच्या खांद्यावर थोपटायचे आणि म्हणायचे, "येतो रे." कोटाला!

ह्यांना जाऊन आता दीड वर्ष झाले. वर्षश्राद्ध आटोपले आणि ह्या ऑक्टोबरात मी एकटी आले. कोट मात्र त्यांची वाट पाहत तिथेच टांगलेला होता.

मंडळी, एक गोष्ट सांगते, ती कुठे बोलू नका. दुःखातसुद्धा माणसाला कौतुकाची चटक लागते. "काकू किती खंबीर आहेत!" असे पहिल्यांदा कुणी म्हटले, तेव्हा मला आधार वाटला. दहाव्यांदा म्हटले, तेव्हा तो माझा हुद्दा झाला. आणि हुद्दा एकदा मिळाला की सांभाळावा लागतो.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात माझी सून रुचा हळूच म्हणाली, "आई, मी क्लॉजेट आवरत होते. बाबांचा कोट... राहू दे ना तिथंच?"

"कशाला?" मी म्हटले. "वस्तू वापरात असावी. विद्याताई गरजू लोकांसाठी कोट गोळा करत आहेत ना? त्यांना दे."

"आई, नक्की?"

"मी कधी अनिश्चित बोलते का?"

"नाही, पण मग तुम्ही एकदा बघून घेता का? ब्रश वगैरे?"

"तूच घाल पिशवीत."

हे वाक्य हुकमासारखे ऐकू आले असेल. खरे सांगू? त्या कोटाला हात लावण्याची माझी छाती नव्हती. रुचाने कोट घडी करून एका कागदी पिशवीत घातला, तेव्हा मी शेजारच्या खोलीत चकलीचे पीठ मळत होते. इतके मळले, की त्या चकल्या शेवटपर्यंत कुणाला चावल्या नाहीत.

विद्याताई म्हणजे विद्या करमरकर. त्या आणि त्यांचे यजमान डॉक्टर करमरकर चाळीसएक वर्षांपूर्वी इथे आले. आता दोघेही निवृत्त आहेत. दर दिवाळीला त्यांच्या घरी दुपारचा फराळ असतो, आणि त्याच दिवशी त्या थंडीचे जुने कपडे गोळा करून जवळच्या एका मदतकेंद्राला देतात. दुपारी तीनला केंद्राची गाडी येऊन पिशव्या घेऊन जाते. उत्तम प्रथा आहे. तिच्यात दोष होता तो फक्त माझा.

आम्ही मदतीसाठी सकाळीच गेलो. गाडी थेट त्यांच्या गॅरेजमध्ये लावली आणि तिथूनच स्वयंपाकघरात शिरलो. रुचाने ती कागदी पिशवी विद्याताईंच्या हातात दिली. "वर ठेवते हं," म्हणून त्या जिना चढून गेल्या. मी तिकडे पाहिले नाही. लाडूंच्या संख्येकडे पाहिले.

हळूहळू घर भरले. बाहेर अंगणात लाल-पिवळ्या पानांचा खच, दारात भोपळ्यांची रांग, आत चुलीवर सफरचंदाचा रस दालचिनी आणि लवंग घालून उकळत ठेवलेला. त्याचा वास घरभर. इथल्या शरदात ही एक गोष्ट मला मान्य आहे: थंडी बाहेर ठेवून आत ऊब जमवणे ह्या लोकांना छान जमते. लोकरी मोजे काय, फ्लॅनेलच्या चादरी काय! मी माझी शाल गुंडाळून, तो गरम रस हातात घेऊन बसले होते. तेवढ्यात डॉक्टर करमरकर शेजारी येऊन बसले.

"सुलभाताई, माधवरावांची फार आठवण येते हो. त्या ट्वीडच्या कोटात काय दिसायचे! आमच्या शेजाऱ्याला ते युनिव्हर्सिटीतले प्रोफेसर वाटले होते, माहितीय? मीही ते खोडून काढलं नाही."

"हो का?"

"मग! आणि तो कोट कुठंय? निखिल घालतो की नाही?"

आता इथे सरळ उत्तर उपलब्ध होते. 'मी तो दिला' एवढे तीन शब्द. ते तोंडापर्यंत आले आणि अडले.

"आहे," मी म्हटले.

"वा, वा! जपून ठेवा. माणसाचा आकार राहतो हो कपड्यात."

झाले! आयुष्यात मी खोटे बोलले नव्हते, आणि आता बोलले, तेही दिवाळीच्या दिवशी, यजमानांच्या घरात, त्यांचाच रस पीत! खोटे बोलल्यावर उपाय दोनच: एक, कबूल करणे, दुसरा, घाईघाईने ते खरे करून टाकणे. कोट अजून ह्याच घरात होता. वर जाऊन पिशवी उचलावी, शालीखाली धरावी, गॅरेजमधल्या गाडीत नेऊन ठेवावी. कुणाला कळण्याचे कारण नव्हते. 'आहे' हे उत्तर पुन्हा बरोबर झाले असते, आणि माझा हुद्दाही शाबूत राहिला असता.

मी उठले. अडीच वाजले होते.

वर दोन खोल्या. डावीकडचे दार लोटलेले, उजवीकडचे उघडे. आत पाहते तो काय! दुहेरी पलंगावर छातीएवढा कोटांचा डोंगर!

आता तुम्ही हसाल. तुम्ही इथले जुने रहिवासी. तुमच्या दृष्टीने पाहुण्यांचे कोट पलंगावर टाकणे ह्यात काय ते नवल! परंतु मी सांगलीची. आमच्याकडे पाहुणा आला की दारात चपला काढतो; अंगावरचे कपडे काढून यजमानाच्या अंथरुणावर रचत नाही! बाहेरून आलेला माणूस पाय धुतल्याशिवाय पलंगावर टेकलासुद्धा, तर माझ्या सासूबाई चादर बदलायला लावत. तेव्हा माझा तर्क सरळ होता: बाहेरचे कपडे आणि तेही अंथरुणावर, म्हणजे हे नक्कीच टाकायचे कपडे. आम्ही गॅरेजमधून आलो होतो, त्यामुळे दारात काय चालले होते तेही मी पाहिले नव्हते, आणि आधीच्या खेपांना ह्या घराचा जिना कधी चढले नव्हते.

मी शोधू लागले. पण काय ते कोट! उंटाच्या रंगाचे घोट्यापर्यंतचे ओव्हरकोट. खलाशी घालतात तसला, दुहेरी बटणांचा निळा कोट. मेणाचा हात दिलेले हिरवे जाकीट. रेशमी अस्तराचा काळा कोट, त्याच्या बाहीत काश्मिरी मफलर. आणि सगळे कोरे करकरीत! मला भरून आले. मनात म्हटले, आपली मुले परदेशात येऊन बिघडली असे कोण म्हणतो? अंगावरचे नवे कोट उतरवून देत आहेत! आणि एक मी, एक जुना कोट दिला तर तो चोरून परत न्यायला आले आहे.

लाज वाटली, तरी हात थांबले नाहीत. डोंगर उपसून तळापर्यंत गेले. तपकिरी कोट नव्हता. इतक्यात जिन्याखालून विद्याताईंचा आवाज आला.

"वर कोण आहे गं?"

माझ्या दोन्ही हातांत दोन पुरुषांचे दोन कोट.

"मी! सुलभा!"

"काय करताय हो तिथं?"

"मी... पिशव्या भरते आहे!"

"अगबाई! किती कराल? मी अर्ध्या भरल्यात सकाळी. मोठ्या काळ्या पिशव्या बाथरूमच्या कपाटात आहेत बघा. गाडी येतेच आहे."

आता विचार करा. त्या जर जिना चढून आल्या असत्या, तर? पण सकाळपासून जिना चढून-उतरून दमलेल्या गुडघ्यांनी त्यांना दगा दिला, आणि माझ्या अब्रूने मला. भरते म्हटले म्हणजे भरणे भाग होते. आणि माझे काम अर्धवट नसते. मी एकवीस कोट घडी घालून सात पिशव्यांत भरले. बाह्या आत, कॉलर वर. प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी: 'पुरुष, मोठे, लोकर', 'स्त्रिया, मध्यम, पिसांचे'. अनुक्रमांक घातले. वर्गवारी इतकी चोख केली, की केंद्रातल्या लोकांना माझा अभिमान वाटावा.

बरोबर तीनला टोप्या घातलेले दोन उंच गृहस्थ वर आले. मी उभी राहून सूचना दिल्या. माझ्या सात पिशव्या गेल्या. मग त्यांनी डावीकडचे दार ढकलले. तिथेही पिशव्यांची रांग होती. आणि सगळ्यांत शेवटी, एका गृहस्थाच्या करंगळीला अडकवलेली आमची ती कागदी पिशवी माझ्या डोळ्यांसमोरून जिना उतरू लागली. वरून तपकिरी कॉलर दिसत होती.

"थांबा," म्हणायचे होते. जिन्याच्या तळाशी विद्याताई उभ्या होत्या. त्यांनी पिशवी पाहिली, मग माझ्याकडे पाहिले, आणि डोळे पुसत म्हणाल्या, "धन्य आहे हो तुमची. इतकं मन घट्ट करायला फार मोठं काळीज लागतं."

मी मान हलवली. दार लागले. गाडी गेली.

मी मोरीत जाऊन तोंड धुतले. मला वाटले, आजच्या दिवसात ह्याहून वाईट काही घडायचे नाही. किती हे अज्ञान!

साडेतीनला निखिलचा मित्र अभय निघाला. हृदयरोगतज्ज्ञ आहे, गोरागोमटा, बोलका, आणि बायकोच्या धाकात. "काकू, मला आज हॉस्पिटलला राउंड आहे. निघतो. कोट वर आहेत ना?"

"उजवीकडच्या खोलीत बघ, बेडवर," विद्याताई म्हणाल्या.

अभय वर गेला. खाली आला. "काकू, बेडवर काही नाहीये."

"असं कसं? सगळ्यांचे तिथंच ठेवलेत मी. डावीकडे डोनेशनचे, उजवीकडे पाहुण्यांचे."

माझ्या हातातला चिवड्याचा वाडगा तिथेच थांबला. डावीकडे. उजवीकडे. इतके स्पष्ट वर्गीकरण, आणि माझ्यापासून लपून राहिले!

मी उठून उभी राहिले. शाळेत प्रार्थनेनंतर सूचना द्यायला उभी राहायची, तशीच.

"ते कोट मी दान केले."

 कुणीतरी विचारले, "किती?"

"एकवीस. घडी घालून."

"काकू, माझी गाडीची किल्ली कोटात आहे!"

"माझीपण!"

"अरे यार, माझा तर फोनपण!"

नऊ कुटुंबांच्या किल्ल्या गेल्या होत्या. दारात नऊ गाड्या उभ्या, आणि हलवता येईल अशी एकच: निखिलची, गॅरेजमधली. आणि तिच्यापुढे दोन गाड्या आडव्या! शेवटी सहा जणांनी हिरवळीच्या कडेच्या विटा उचलून, भोपळे बाजूला सारून तिला हिरवळीवरून वाट करून दिली, तीही अंगात नुसते झब्बे घालून, वाफा सोडत. विद्याताईंनी घरातल्या सगळ्या शाली बाहेर काढल्या. मी गाडीत बसताना मागे वळून पाहिले, तर दारात ते सगळे पुरुष खांद्यावर शाली घेऊन ओळीने उभे. साक्षात सत्कारसमारंभ! फक्त हातात नारळ नव्हते.

केंद्र पाचला बंद होणार होते.  रस्त्यात सिग्नलला थांबल्यावर निखिल म्हणाला, "आई, पण तू वर गेलीसच कशाला?"

"मदत करायला."

दिवसातले दुसरे खोटे. पहिल्यापेक्षा सोपे गेले.

केंद्रात टेबलामागे एक वृद्ध अमेरिकन बाई बसल्या होत्या. केस पांढरे, चष्म्याला साखळी, समोरच्या पेन्सिली उंचीच्या क्रमाने लावलेल्या. मी ओळखले: ही आपल्यापैकी. माझी हकीकत त्यांनी न हसता ऐकून घेतली आणि एक कागद पुढे सरकवला. मथळा होता, 'चुकून दिलेल्या वस्तू'. रकाने तीन: वस्तूचे वर्णन, मालकाचे नाव, खिशात काय आहे.

"खिशात काय आहे हे कशासाठी?" मी विचारले.

"कुणीही येऊन छानसा ओव्हरकोट माझा म्हणू नये म्हणून, मॅडम."

नियम रास्त होता. निखिलने करमरकरांच्या घरी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तिकडे रांग लागली, इकडे मी लिहू लागले.

"डॉक्टर करमरकर. माझाही तिथंच पडला होता. काळा, लांब. खिशात... अं... सुपारी."

मागून विद्याताई: "सुपारी? सोडली म्हणाला होतात ना!"

"नितीन. निळा, डबल बटणांचा. किल्ली, आणि एक लॉटरीचं तिकीट."

"नितीन!"

"अभय. उंटाच्या रंगाचा. किल्ली, फोन, आणि... काकू, स्पीकर बंद करता का जरा?"

"नियमात बसत नाही. बोल."

"...सिगारेटचं पाकीट."

"अभय!!" तिकडे जो काही गदारोळ झाला! लोकांना सल्ला देणारा हृदयरोगतज्ज्ञ!

टेबलामागच्या बाईंना मराठी कळत नव्हते, परंतु त्या ओठ दाबून खाली पाहत होत्या. नवऱ्यांची नावे त्या सुरात उच्चारली जातात, तेव्हा भाषांतर लागत नाही.

एकवीस झाले. सगळे खिसे जुळले. दोन स्वयंसेवक माझ्या सात पिशव्या गाडीत नेऊ लागले.

"चल आई," निखिल म्हणाला. "झालं सगळं."

मी पेन खाली ठेवले नाही. भिंतीशी लोखंडी दांड्यावर कोट लावायला सुरुवात झाली होती. त्यांत तो होता. दोन अनोळखी जाकिटांच्या मध्ये, अंग चोरून.

मी बाविसावी ओळ लिहिली. 'एक तपकिरी ट्वीडचा कोट, कोपरांवर चामडे.' मालकाच्या रकान्यात ह्यांचे पूर्ण नाव.

निखिल खांद्यावरून वाचत होता. "आई, हा तर तू विचार करून दिला होतास. हा चुकून कसा?"

"बाकीचे एकवीस गैरसमजाने गेले, निखिल," मी म्हटले. "चूक म्हणावी अशी ही एकच."

 त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मला मागे वळून पाहायचे नव्हते, म्हणून मी तिसरा रकाना भरला. 'खिशात काही नाही.'

"नक्की?" बाईंनी विचारले.

"नक्की. खिशात वस्तू ठेवल्याने कोटाचा आकार बिघडतो. माझे यजमान खिशात कधीही काही ठेवत नसत."

बाई उठल्या. कोट हँगरवरून काढला, एकेक खिसा चाचपला. आतल्या खिशाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले. मी मुलांकडे पाहायची, अगदी तस्सेच.

"मॅडम, मला वाईट वाटतं. वर्णन जुळत नाही. ह्या खिशात काहीतरी आहे."

"शक्य नाही!"

"एक कार्ड असेल," निखिल मागून म्हणाला.  "शेतावरच्या दुकानाचं. दहा सफरचंदं छापलेली, त्यातली नऊ पंच केलेली. आणि पेपर नॅपकिन्स."

बाईंनी ते बाहेर काढले. कार्ड, नऊ भोके. चार घड्या घातलेले कागदी रुमाल, त्यांच्या कडांना अजून साखरेचे कण.

"हे काय आहे?" मी विचारले.

"डोनट, आई. सफरचंदाच्या रसातले, वरून दालचिनी आणि साखर. शनिवारी आम्ही चालायला जायचो ना, तेव्हा."

"त्यांना मधुमेह होता!"

"म्हणून दोघांत एक घ्यायचो."

"आणि मला सांगितले नाहीत?"

"तू बंद केलं असतंस."

केले असते. त्याच क्षणी केले असते. वजन, साखर, पावले, सगळ्यांची वही होती माझ्याकडे. त्या वहीत प्रत्येक शनिवारपुढे मी स्वतः 'उत्तम' असे लिहिले आहे.

"दहावे भोक का नाही?" मी विचारले. दुसरे काही सुचेना.

"दहावा फुकट असतो. बाबा म्हणाले, तो पुढच्या खेपेला तुझ्या आईला आणू. फुकटचा आहे म्हटल्यावर ओरडणार नाही."

मंडळी, चहा राहिला असेल तर संपवा. मला इथे थोडा वेळ लागतो.

त्या बाईंनी घाई केली नाही. पाच वाजून गेले होते. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला, तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या हातानं दुरुस्त करा. तुम्ही, त्यानं नाही."

मी 'काही नाही' हे शब्द खोडले. रेघ सरळ आली नाही. खिशातल्या वस्तू तर आता समोरच होत्या. यादी करून लिहिता आली असती. पण ते पाहून लिहिणे झाले असते. म्हणून मला जे येत होते तेवढेच लिहिले: 'मला ठाऊक नव्हते.'

उत्तराच्या जागी असे लिहिणाऱ्या मुलाला छत्तीस वर्षांत मी कधी अर्धासुद्धा गुण दिला नाही. त्या बाईंनी मला अख्खा कोट दिला.